काळा की चंदेरी? फिल्म कॅमेऱ्याच्या रंगामागची गोष्ट

जुना फिल्म कॅमेरा विकत घेण्यासाठी मुंबईच्या फोर्ट भागातील बोरा बझारात किंवा अन्य शहरांतील अशाच एखाद्या दुकानात गेलेल्या ग्राहकापुढे पुष्कळदा एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे ठेवले जातात. यंत्रणा तीच, भिंग तेच, शटरचा आवाजही तोच. फरक एवढाच, की एक काळा आणि दुसरा चंदेरी. दुकानदार मात्र काळ्याचे पैसे जास्त सांगतो. ‘काळा सहसा मिळत नाही’, ‘व्यावसायिक छायाचित्रकार काळाच वापरत’, ‘काळ्याचा रंग उडाला तरी त्याची शोभा वाढते’ अशी कारणेही तो देतो. या प्रत्येक विधानात काही तथ्य आहे. मात्र त्यातले एकही सर्व कॅमेऱ्यांना सरसकट लागू पडत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने आणि त्यानंतर मोबाइलने फिल्मला बाजूला सारले, तरी गेल्या काही वर्षांत हौशी छायाचित्रकारांची एक नवी पिढी पुन्हा ‘रोल’कडे वळली आहे. मोजक्या कंपन्या सोडल्या तर नवे फिल्म कॅमेरे आज कोणी बनवत नाही. त्यामुळे या मंडळींना चाळीस-पन्नास वर्षे वापरलेल्या मालावरच विसंबावे लागते. अशा वेळी केवळ रंगासाठी अधिक पैसे मोजावेत का, हा प्रश्न किरकोळ राहत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी कॅमेऱ्याच्या अंगावर हे रंग आले कसे, ते पाहणे उपयुक्त ठरेल.

आतून सारेच काळे

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. कॅमेऱ्याच्या बाहेरील रंगाचा छायाचित्राच्या दर्जाशी थेट संबंध नसतो. भिंगातून आलेला प्रकाश फिल्मवर पडण्यापूर्वी आतल्या भिंतींवर आपटून इकडेतिकडे उसळू नये, म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा अंतर्भाग मंद, चमक नसलेल्या काळ्या रंगाने रंगवलेला असतो. बाहेरून चंदेरी दिसणारा कॅमेराही आतून काळाच असतो. प्रकाशाच्या दृष्टीने जो काळा रंग महत्त्वाचा, तो सर्व कॅमेऱ्यांना सारखाच मिळालेला असतो.

याला अपवाद एकच. काचेच्या तावदानातून, आरशासमोर किंवा चकचकीत वस्तूचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्याचे स्वतःचे प्रतिबिंब त्या पृष्ठभागावर उमटू शकते. अशा वेळी चंदेरी कॅमेरा चटकन नजरेत भरतो, काळा तुलनेने लपतो. संग्रहालयातील काचेआडच्या वस्तू किंवा दागिने टिपणाऱ्याला हा फरक जाणवेल. घरगुती समारंभाची छायाचित्रे घेणाऱ्याला तो बहुधा जाणवणार नाही.

लाखेकडून क्रोमकडे

पस्तीस मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा लोकप्रिय करणारा जर्मनीचा ‘लायका’ १९२५ मध्ये बाजारात आला, तेव्हा तो काळाच होता. पितळेच्या कवचावर काळ्या लाखेसारखा रंगलेप आणि बटणांवर निकेलचा मुलामा, असे त्याचे रूप होते. त्याचा प्रतिस्पर्धी असलेला ‘कॉन्टॅक्स’ १९३२ मध्ये आला, तोही काळाच. म्हणजे आज ज्याला ‘खास’ समजले जाते, तो काळा रंग मुळात नेहमीचा रंग होता.

क्रोमियमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर देण्याचे तंत्र १९२० च्या दशकात विकसित झाले आणि ते मोटारींपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सर्वत्र पसरले. कॅमेऱ्याच्या जगातही ते फार दूर राहिले नाही. १९३३ पासून लायकाचे क्रोमचा मुलामा दिलेले कॅमेरे मिळू लागले. १९३६ चा ‘कॉन्टॅक्स २’ तर क्रोममध्येच अवतरला. आपण ज्याला ‘चंदेरी’ म्हणतो, त्यात चांदीचा अंशही नसतो. विजेच्या साहाय्याने पितळावर आधी निकेलचा आणि त्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ थर चढवला जातो. हा वरचा थर सर्वसाधारणपणे एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. तरीही क्रोमियम कमालीचे कठीण असल्याने आणि हवेशी संपर्क येताच स्वतःभोवती संरक्षक पापुद्रा धरत असल्याने तो दीर्घकाळ टिकतो. पृष्ठभाग आधी किंचित खरखरीत करून घेतला, की आरशासारखी चमक न येता दुधाळ, मंद झळाळी येते. जुन्या कॅमेऱ्यांवर दिसते ती हीच.

रंगलेप म्हणजे वरून दिलेली त्वचा, तर क्रोम म्हणजे धातूवर चढलेला दुसरा धातू. बोटांच्या घर्षणाने, पट्ट्याच्या कड्यांनी आणि पिशवीतल्या किल्ल्यांनी रंग झिजतो. क्रोम त्यांना सहसा दाद देत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने क्रोम ही सुधारणाच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर उदयाला आलेल्या जपानी कंपन्यांनीही हाच मार्ग धरला आणि १९५० च्या दशकापर्यंत चंदेरी हा कॅमेऱ्याचा सर्वमान्य रंग होऊन बसला. १९५४ मध्ये आलेल्या आणि १९६६ पर्यंत बनत राहिलेल्या ‘लायका एम३’च्या दोन लाखांहून अधिक कॅमेऱ्यांत काळे फारच थोडे आहेत, ते यामुळेच.

वृत्तछायाचित्रकारांची मागणी

क्रोमची जी झळाळी दुकानाच्या काचेआड ग्राहकाला मोहवते, ती रस्त्यावर काम करणाऱ्याला अडचणीची वाटू लागली. उन्हाची तिरीप क्रोमवर पडली, की समोरच्याचे लक्ष वेधले जाते. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या चिकटपट्टीने झाकत असत. १९४७-४८ मध्ये भारतात फिरून महात्मा गांधींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे चित्रण करणारे ते हेच. लोकांना नकळत त्यांचा सहज भाव टिपायचा, तर कॅमेरा शक्य तितका अदृश्य हवा, ही त्यामागची धारणा होती.

कंपन्यांनी ही गरज ओळखली. १९५६-५७ मध्ये लायकाने व्यावसायिकांसाठी ‘एमपी’ हे मॉडेल जेमतेम चारशेच्या आसपास बनवले. त्यात काळ्या रंगाचे कॅमेरेही होते. १९५९ मध्ये आलेला आणि वृत्तपत्रसृष्टीत पुढे सर्वत्र दिसू लागलेला ‘निकॉन एफ’ क्रोम आणि काळा अशा दोन्ही रूपांत मिळत असे व काळ्याला थोडी जास्त किंमत पडे. कमी संख्या, अधिक किंमत आणि वृत्तछायाचित्रकाराच्या खांद्याला लटकणारा कॅमेरा म्हणून मिळालेला मान, या तिन्हींमुळे काळ्या कॅमेऱ्याभोवती एक वलय तयार झाले. मग ते हौशी ग्राहकांसाठीच्या कॅमेऱ्यांपर्यंतही पोहोचले. ‘याशिका इलेक्ट्रो ३५’ या लोकप्रिय मालिकेत १९७३ मध्ये आलेले ‘जीएसएन’ आणि ‘जीटीएन’ हे दोन कॅमेरे मुळात एकच आहेत. पहिला चंदेरी, दुसरा काळा.

भारतात मात्र हा पर्याय फार थोड्यांच्या वाट्याला आला. आयातीवरील निर्बंधांच्या त्या काळात अनेक मध्यमवर्गीय घरांत आलेला पहिला कॅमेरा म्हणजे वडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीने बनवलेला काळ्या अंगाचा ‘आगफा क्लिक-३’. तिथे रंग निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

अवकाशातला धडा

रंगाची निवड केवळ आवडीनिवडीची नव्हे, तर कामाच्या गरजेचीही असू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेच्या अवकाश मोहिमांत सापडते. अंतराळवीर वॉली शिरा यांनी १९६२ मध्ये आपल्या मर्क्युरी मोहिमेसाठी ह्यूस्टनमधील दुकानातून ‘हॅसलब्लाड ५००सी’ हा स्वीडिश कॅमेरा विकत घेतला. यानाच्या खिडकीतून छायाचित्रे घेताना कॅमेऱ्याचे प्रतिबिंब काचेत दिसू नये, म्हणून त्यावरील चामड्याचे आवरण काढून तो मंद काळ्या रंगाने रंगवण्यात आला.

सात वर्षांनी, १९६९ मध्ये, अपोलो-११ मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागावर वापरलेला हॅसलब्लाड मात्र चंदेरी होता. तिथे खिडकी नव्हती, तर प्रखर ऊन आणि गडद सावली यांतील तापमानाची प्रचंड तफावत होती. ती कॅमेऱ्याला आणि आतील फिल्मला सोसावी, यासाठी उष्णता परावर्तित करणारा चंदेरी लेप निवडण्यात आला. काचेआडून काम करायचे तेव्हा काळा, उघड्या उन्हात करायचे तेव्हा चंदेरी, असा हा साधा हिशेब होता.

पृथ्वीवर हा फरक इतका टोकाचा नसतो. तरीही वैशाखाच्या उन्हात तासभर ठेवलेला काळा धातूचा कॅमेरा चंदेरीपेक्षा अधिक तापतो, हे हाताला कळते. रंगीत फिल्मला उष्णता मानवत नाही. अर्थात, कोणत्याही रंगाचा कॅमेरा बंद मोटारीत ठेवून जाणे चुकीचेच. सावली आणि हवेशीर पिशवी यांचा उपयोग रंगापेक्षा कितीतरी अधिक होतो.

काळ्यातही प्रकार

दुकानदार ज्याला सरसकट ‘काळा’ म्हणतो, त्यात किमान तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे पितळावर दिलेला काळा रंगलेप. तो तुळतुळीत दिसतो आणि वापराने कडांवरून उडतो. दुसरा म्हणजे ‘ब्लॅक क्रोम’. हा रंग नसून मुलामाच असतो. तो अधिक मंद दिसतो आणि रंगलेपापेक्षा जास्त टिकतो. लायकाने १९७० च्या दशकात या मुलाम्याचा अवलंब केला. १९८४ मध्ये आलेल्या ‘एम६’मध्ये तर वरचे कवचही पितळेऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचे होते. त्यामुळे तो झिजला तरी आतून पिवळे पितळ दिसत नाही.

तिसरा प्रकार प्लास्टिकचा. १९७६ चा ‘कॅनन एई-१’ हा त्या काळातील अत्यंत खपाचा कॅमेरा. त्याचे वरचे कवच धातूचे भासते. वस्तुतः ते प्लास्टिकचे असून चंदेरी नमुन्यात त्यावर क्रोमसारखा, तर काळ्यात रंगवलेल्या धातूसारखा भास निर्माण केलेला आहे. अशा कॅमेऱ्याचा काळा ‘झिजून शोभून दिसेल’ या आशेने जादा पैसे देणाऱ्याची निराशाच होईल.

१९८० च्या दशकात स्वयंचलित फोकसचे कॅमेरे आले, कवचे मुख्यत्वे प्लास्टिकची झाली आणि काळा हाच पुन्हा सर्वसाधारण रंग ठरला. ‘मिनोल्टा ७०००’, ‘कॅनन टी९०’ किंवा ‘निकॉन एफ४’ यांच्याबाबत ‘दुर्मीळ काळा’ या शब्दांना काही अर्थ नाही. पुढे शतकाच्या वळणावर ‘कॅनन ईओएस ३००’सारख्या कॅमेऱ्यांनी चंदेरी प्लास्टिक आणले. तेव्हा दुर्मीळता ही रंगाची नसते, त्या विशिष्ट मॉडेलची असते, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

पितळ उघडे पडते तेव्हा

मराठीत ‘पितळ उघडे पडणे’ म्हणजे ढोंग उघडकीस येणे. कल्हई उडालेले भांडे आपल्याकडे पुन्हा कल्हई केल्याशिवाय वापरात घेत नसत. कॅमेऱ्यांच्या दुनियेत मात्र नेमके उलटे आहे. काळ्या रंगाखालून कडांवर डोकावणारे पितळ हा तिथे दोष न राहता मानाची खूण ठरला आहे. हा कॅमेरा कपाटात पडून नव्हता, कोणीतरी तो वर्षानुवर्षे हाताळला, याचा तो पुरावा मानला जातो. चंदेरी कॅमेरा तितकाच वापरलेला असला तरी ते सांगत नाही. क्रोम वय लपवते. काळा रंग ते बोलून दाखवतो.

या आवडीचे रूपांतर पुढे फॅशनमध्ये झाले. लायकाने २००३ मध्ये ‘एमपी’ हे नाव पुन्हा आणताना पितळावरील काळा रंगलेपही परत आणला. २०१५ मध्ये तर गायक लेनी क्रॅव्हिट्झ यांच्या सहभागाने काढलेल्या १२५ संचांच्या विशेष आवृत्तीत नव्याकोऱ्या कॅमेऱ्याचा रंग कारखान्यातच हाताने झिजवून देण्यात आला. २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आलेल्या ‘एम६’चे वरचे कवच पितळेचे असले, तरी त्यावरचा काळा लेप सहजासहजी झिजणार नाही असा आहे. डिजिटल कॅमेऱ्यांनाही या जुन्या रूपाचा मोह आवरला नाही. ‘फुजीफिल्म एक्स१००’ २०११ मध्ये आला तो चंदेरी-काळ्या जोडरंगातच.

बनावट काळे

जिथे रंगामुळे किंमत वाढते, तिथे रंगाचीच नक्कल होणार, हे ओघानेच आले. मूळ काळ्या ‘एम३’ला संग्राहकांच्या बाजारात चंदेरीच्या अनेक पट किंमत येते. त्यामुळे चंदेरी कॅमेऱ्याचे क्रोम काढून त्याला काळे करण्याचे आणि मुद्दाम घासून ‘जुने’ बनवण्याचे प्रकार जगभर घडतात. सोव्हिएत बनावटीच्या ‘फेड’ आणि ‘झोर्की’ या कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून, सोनेरी किंवा काळा साज चढवून ते दुर्मीळ लायका म्हणून विकण्याचा धंदाही जुनाच आहे. आपल्या कॅमेऱ्याला हौसेने काळा रंग देऊन घेणे यात गैर काही नाही. तो मूळ काळा म्हणून विकणे ही फसवणूक आहे. इथे मात्र ‘पितळ उघडे पडणे’ हा वाक्प्रचार अगदी रूढ अर्थाने लागू होतो.

अशी फसवणूक टाळण्यासाठी काही गोष्टी तपासता येतात. मूळ कॅमेऱ्यावरील कोरलेली अक्षरे आणि आकडे रेखीव असतात व त्यांत वेगळा रंग भरलेला असतो. नंतर रंगवलेल्या कॅमेऱ्यात कोरीव कडा बोथट झालेल्या किंवा खाचांत काळा रंग साचलेला दिसतो. झीज नैसर्गिक असेल तर ती कोपरे, कडा, पट्ट्याची कडी आणि अंगठा टेकतो ती जागा इथेच असते. ज्या सपाट भागाला कोणाचे बोट लागत नाही, तिथले पितळ उघडे असेल तर संशय घ्यावा. स्क्रूच्या खाचा खराब झाल्या आहेत का, तळाचे झाकण काढल्यावर आत रंगाचे शिंतोडे दिसतात का, तेही पाहावे. लायकासारख्या कंपन्यांच्या अनुक्रमांकांच्या नोंदी उपलब्ध असल्याने मोठी रक्कम देण्यापूर्वी त्या पडताळून घेणे इष्ट.

झिजलेल्या काळ्या रंगाखाली पिवळ्याऐवजी पांढरट धातू दिसला, तर तो कॅमेरा बनावटच, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नये. कवच ॲल्युमिनियमचे किंवा जस्ताच्या मिश्रधातूचे असू शकते, किंवा पितळावर आधी निकेलचा थर दिलेला असू शकतो. त्या मॉडेलची माहिती हाताशी असल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

घेताना काय पाहावे

चंदेरी कॅमेऱ्यात झीज दिसत नसल्याने पारख वेगळ्या खुणांवरून करावी लागते. क्रोमवर बारीक खड्डे, फुगवटे किंवा सांध्यांत हिरवट थर दिसत असेल, तर ओलावा आत शिरून खालच्या पितळावर परिणाम झालेला असतो. मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत चामड्याच्या घट्ट पेटीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या कॅमेऱ्यांत हे विशेष आढळते. कोपऱ्यावरील पोचा हा कॅमेरा पडल्याचा दाखला असतो. रंगलेप एखाद्या ठिकाणी दुरुस्त करता येतो, क्रोम तसे करता येत नाही. त्यासाठी संपूर्ण भाग सुटा करून नव्याने मुलामा द्यावा लागतो. पितळेच्या भांड्यांसाठी वापरतात तसली घासणी-पावडर दोन्हींवर कधीही वापरू नये. मऊ, किंचित ओलसर फडके पुरेसे आहे.

रंगापेक्षा महत्त्वाच्या तपासण्या तर वेगळ्याच आहेत. शटर सर्व वेगांवर, विशेषतः एक सेकंदाच्या मंद वेगावर, अडखळत नाही ना? भिंगात बुरशीचे जाळे नाही ना? मागच्या दाराच्या फटीतील स्पंज चिकट होऊन गळत नाही ना? प्रकाशमापक चालतो का आणि त्याला लागणारी बॅटरी मिळते का? ‘ऑलिंपस ओएम-१’सारख्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांना लागणाऱ्या पाऱ्याच्या बॅटऱ्या आता बनत नाहीत, त्यामुळे पर्यायी व्यवस्था करावी लागते. यातील एकाही दोषाची दुरुस्ती बहुधा काळ्या रंगासाठी मोजलेल्या जादा रकमेएवढी किंवा त्याहून महाग पडू शकते.

सारांश असा, की वापरण्यासाठी कॅमेरा हवा असेल, तर दोहोंपैकी ज्याची यंत्रणा निरोगी तो घ्यावा, मग रंग कोणताही असो. दोन्ही सारख्याच स्थितीत असतील आणि काचेआडून किंवा चकाकत्या वस्तूंचे चित्रण करायचे असेल, तर काळा सोयीचा. उन्हात वावरायचे असेल आणि कॅमेरा वर्षानुवर्षे नवा दिसावा असे वाटत असेल, तर चंदेरी बरा. संग्रहासाठी काळा घ्यायचा असेल, तर आधी कागदपत्रे आणि अनुक्रमांक पाहावेत, रंग नंतर.

घरातील कपाटात वडिलांचा किंवा आजोबांचा कॅमेरा पडून असेल, तर तो नव्याने रंगवून घेण्याचा मोह मात्र टाळावा. जून २०२२ मध्ये वेट्झलर येथील लिलावात लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरातील १९२३ चा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला. तो कोऱ्या कॅमेऱ्यासारखा दिसत नव्हता, तर अनेक वर्षे वापरलेला होता. घरातल्या कॅमेऱ्याला अशी किंमत येणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या कोपऱ्यावरचा रंग उडाला आहे, तो घरातल्याच कोणाच्या तरी बोटांनी उडाला आहे. नवा रंग दिल्यावर ती खूण पुन्हा मिळवता येत नाही.